११४ विकेट घेणारा माणूस कॅप्टन का झाला नाही?

मी नेहमीप्रमाणे जूचंद्रहून बोलतोय. त्यामुळे मध्येच वसई-दिवा लाइनवरून एखादी मालगाडी धडधडत गेली तर तेवढं ऐकून घ्या. तो आवाज एडिट करून काढायचा नाद मी आता सोडलाय.

आजचा विषय क्रिकेट. पण आयपीएल नाही, वर्ल्ड कप नाही. आज आपण १९११ सालच्या एका सीझनबद्दल बोलणार आहोत. सिनेमा नाही, गोष्ट नाही, खराखुरा सीझन, ज्याची स्कोअरकार्डं आजही तुम्हाला मोबाइलवर बघता येतात.

आधी आकडे सांगतो. इंजिनिअर माणूस आहे, आकड्यांपासूनच सुरुवात करणार. एक टीम इंग्लंडला गेली. एकूण २३ सामने खेळली. त्यातले ६ जिंकली, १५ हरली, २ ड्रॉ झाले. त्यातले १४ सामने फर्स्ट क्लास होते, त्यात विजय फक्त २. आजच्या काळात हा परफॉर्मन्स असता तर काय झालं असतं? कोचला घरी पाठवला असता, मीम्सचा पाऊस पडला असता.

आता दुसरा आकडा. याच हरणाऱ्या टीममधल्या एका बॉलरने त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या. सरासरी १८.८४. फक्त फर्स्ट क्लास सामने धरले तर ७५ विकेट, सरासरी २०.१२. लेफ्ट आर्म स्पिनर. वय पस्तिशीच्या आसपास. घरच्या सवयीच्या खेळपट्ट्या नाहीत, वातावरण परकं.

तो बॉलर म्हणजे बाळू पालवणकर. मराठी माणूस, आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून. आणि एवढं सगळं करूनही पुढची कित्येक वर्षं त्यांना त्यांच्या संघाचा कॅप्टन केलं गेलं नाही. का, ते आज बोलू.

रोलर ओढणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण पुण्यात गेलं. समाज चांभार. त्या काळच्या भाषेत ‘अस्पृश्य’. हा शब्द मी मुद्दाम एकदा उच्चारतोय, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पुण्यात लष्करी अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. मग बाळूंना काम मिळालं एका पारशी क्लबवर. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, कधीमधी मेंबरांना बॉलिंग टाकायची. पगार महिना ३ रुपये. पुढे ते पूना क्लबवर गेले. हा गोऱ्या साहेबांचा क्लब. तिथे पगार ४ रुपये. कामं तीच. रोलर, नेट लावणं, टेनिस कोर्टाच्या रेघा मारणं आणि बॉलिंग.

तिथे कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक अधिकारी होते, इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेले तगडे बॅट्समन. हे ग्रेग रोज सगळ्यांच्या आधी नेटवर यायचे आणि बाळूंना बॉलिंग टाकायला लावायचे. असं सांगतात, की आपल्याला आउट केलं की ग्रेगसाहेब बाळूंना आठ आणे द्यायचे.

आता हिशोब करा. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. महिन्याचा पगार ४ रुपये. म्हणजे ग्रेगला महिन्यात आठ वेळा आउट केलं की आणखी एक पगार खिशात! याच्यापेक्षा भारी ट्रेनिंग प्रोग्राम कुठला असणार? समोर क्लास बॅट्समन, रोजचा सराव आणि विकेटमागे रोख बक्षीस. भारतातला त्या काळचा एक सर्वोत्तम स्पिनर कुठल्याही अकॅडमीत घडला नाही. तो नेट बॉलर म्हणून घडला.

पण यातली एक गोष्ट लक्षात घ्या. इतके तास बॉलिंग टाकली, पण त्या क्लबवर त्यांच्या हातात बॅट कधीच दिली गेली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, बॉल याने टाकायचा. घाम गाळायचं काम एका बाजूला, मान मिळायचं काम दुसऱ्या बाजूला. ही विभागणी डोक्यात ठेवा, कारण ती पुन्हा येणार आहे.

बॉल चालतो, कप चालत नाही

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्यांना गोऱ्यांच्या टीमला हरवायचं होतं. आणि गोऱ्यांच्या मैदानावर रोलर फिरवणारा हा मुलगा त्यांच्या सगळ्यात मोठ्या बॅट्समनला रोज आउट करतोय, ही बातमी गावभर झालेली. मग प्रश्न पडला, याला आपल्या टीममध्ये घ्यायचं का?

वाद झाला. काही मेंबर म्हणाले घ्या, काही उच्चवर्णीय मेंबर म्हणाले नको. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली. बाळू टीममध्ये आले.

आणि इथे तो सीन आहे जो वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. मैदानावर तोच बॉल बाळूंच्या हातातून ब्राह्मण फिल्डरच्या हातात जायचा, परत यायचा. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण चहाची वेळ झाली की बाकीची टीम आत पॅव्हेलियनमध्ये. बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळं बसून.

म्हणजे विटाळाचा नियम होता, पण त्याला सोयीचा अपवादही होता. विकेट हवी असेल तोपर्यंत स्पर्श चालतो. विकेट मिळाली की चालत नाही.

यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग वेगळाच आहे. हे वागणारे लोक काही राक्षस नव्हते. शिकलेले, त्या काळातले पुढारलेले म्हणावेत असे. त्यांना बाळूंची बॉलिंग मनापासून आवडत होती, टाळ्याही वाजवत असतील. टाळ्या वाजवणं सोपं असतं हो. एका भांड्यातून चहा पिणं अवघड.

मुंबई आणि १९०६

१८९६ च्या सुमारास प्लेग आला. त्याच काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही त्यांना घेण्यावरून कुरकुर झालीच. पण खेळ बोलत राहिला.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हो, तेव्हा टीम धर्मावर असायच्या, आज विचित्र वाटतं पण तेव्हाची मोठी स्पर्धा तीच. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ वर ऑल आउट. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात ८ विकेट घेतल्या. धाकटे भाऊ शिवरामही त्याच टीममध्ये होते.

विचार करा, राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं. बंगालची फाळणी होऊन चारच महिने झालेले, स्वदेशीचं वारं सुटलेलं. त्या विजयाचा आनंद काय असेल! आणि तो विजय उभा होता दोन अशा भावांच्या जिवावर, ज्यांना गावातल्या विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं.

१९११, तो सीझन

आता मुख्य सीझनवर येऊ. पहिल्यांदाच ‘ऑल इंडिया’ नावाची टीम इंग्लंडला जायचं ठरलं. त्याआधी पारशी टीम १८८६ आणि १८८८ मध्ये जाऊन आल्या होत्या, पण सगळ्या भारताची म्हणून ही पहिलीच. पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळे खेळाडू आणि कॅप्टन पतियाळाचे शीख महाराजा भूपिंदर सिंग.

महाराजांचं वय किती? १९. म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो ना आपण, तेवढं. कॅप्टन का? तर महाराजा म्हणून. खेळायचे ते बरे, पण त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता, २२ जून १९११ ला. महाराजांना पार्ट्या, दरबार, भेटीगाठी. ते मोजकेच सामने खेळले. आणि जाताना टीममधला एक चांगला बॅट्समन, केकी मिस्त्री, तेही बराच वेळ त्यांच्याबरोबरच.

टीमचे सुरुवातीचे सामने कोणाशी? ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी, लॉर्ड्सवर एमसीसी, केंब्रिज युनिव्हर्सिटी आणि मग एकेक कौंटी. हार, हार, हार. परकी हवा, ओळीने सामने, एका गावाहून दुसऱ्या गावी आगगाडीचा प्रवास.

पण केंब्रिजच्या सामन्यात बघा. एका बाजूला इंग्लंडच्या सगळ्यात नावाजलेल्या युनिव्हर्सिटीची कॉलेजची पोरं. दुसऱ्या बाजूला ३ रुपयांवर मैदान झाडून सुरुवात केलेला माणूस. बाळूंनी त्या सामन्यात एका डावात १०३ धावांत ८ विकेट काढल्या. डिग्री त्यांच्याकडे, ८ विकेट याच्याकडे.

मग लेस्टरशायर. इथे भारतीय टीमने पहिल्यांदा एका कौंटीला हरवलं, ७ विकेटनी. होमी कांगा यांनी १६३ धावा केल्या. आणि बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ११ विकेट घेतल्या, ५ आणि ६. त्यानंतर टाँटनला सॉमरसेट. हा सामना तर आजच्या टी-ट्वेंटीसारखा, एका विकेटने जिंकला. नाबाद ११३ कोणाच्या? शिवराम पालवणकर यांच्या.

म्हणजे हिशोब असा, की अख्ख्या दौऱ्यात फर्स्ट क्लास विजय दोन. एकात एका भावाच्या ११ विकेट, दुसऱ्यात दुसऱ्या भावाचं नाबाद शतक. घरून निघालेले दोन भाऊ, आणि टीमच्या दोन्ही मोठ्या विजयांवर त्यांचं नाव.

हे चालू होतं त्याच उन्हाळ्यात इकडे कलकत्त्यात काय झालं माहितीये? २९ जुलै १९११. मोहन बागानने आयएफए शील्डच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. एक खेळाडू सोडला तर बाकी सगळे अनवाणी, समोर बूट घातलेले गोरे सोल्जर. फुटबॉलवाल्यांना हा दिवस पाठ आहे, आणि असायलाच हवा. तो विजय देशाच्या आठवणीत राहिला, कारण एका दिवसात निकाल लागला, कप हातात आला. बाळूंचं यश मात्र २३ सामन्यांत पसरलेलं, आणि तेही हरलेल्या टीममध्ये. अशी माणसं विसरायला फार सोपी असतात.

परत आल्यावर

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात, की त्या सत्काराचं मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केलं होतं. तेव्हा तो एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. नाव भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांच्या तरुणपणी बाळू हे त्या समाजातल्या सगळ्यात प्रसिद्ध नावांपैकी एक होते. कितीतरी पोरांनी पहिल्यांदा आपल्यातल्या माणसाचं नाव पेपरात छापलेलं पाहिलं असेल, तेही खेळासाठी.

आता सांगा, यानंतर हिंदू संघाचा कॅप्टन कोण व्हायला हवा? सगळ्यात अनुभवी, सगळ्यात जास्त विकेट, इंग्लंड गाजवून आलेला. सोपं आहे ना?

नाही झाले. १९१२ मध्ये मुसलमानांची टीम आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली. वर्षामागून वर्षं गेली. कॅप्टन एम. डी. पै. पै यांनी स्वतः १९१३ मध्ये जाहीरपणे म्हटलं, की हा मान खरं तर बाळूंना मिळायला हवा होता, तेच ज्येष्ठ आणि अनुभवी. हे म्हणायला धाडस लागतं आणि त्यासाठी पैंना सलाम. पण सिलेक्शन कमिटी ढिम्म.

इथे एक मिनिट थांबून इंग्लंडची एक गोष्ट सांगतो, नाहीतर वाटेल की हे फक्त आपल्याकडे. तिथेही खेळाडूंचे दोन वर्ग होते. ‘अमॅच्युअर’ म्हणजे घरचे श्रीमंत, पैसे न घेता खेळणारे. ‘प्रोफेशनल’ म्हणजे खेळून पोट भरणारे. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. आणि कॅप्टन साधारण अमॅच्युअरच. विसाव्या शतकात इंग्लंडचा पहिला प्रोफेशनल कॅप्टन झाला लेन हटन, तो थेट १९५२ मध्ये. हा भेद कागदावरून गेला १९६२ ला.

जात आणि वर्ग या एकच गोष्ट नाहीत. प्रोफेशनल माणूस पैसे कमावून, नशीब काढून पुढच्या पिढीला वर चढवू शकत होता. जात जन्माची. पण दोन्हीकडे एक समजूत सारखी दिसते. बॉल कोणीही टाकावा, हुकूम मात्र ‘आपल्यातल्याने’ द्यावा. कारण विकेट घेणं हे कौशल्य मानलं जातं आणि कॅप्टन होणं हा मान. कौशल्य लोक पटकन मान्य करतात, कारण त्याचा त्यांना फायदा असतो. मान द्यायचा तर स्वतःची जागा थोडी सोडावी लागते.

मग बदललं कसं?

आता या भागाचा खरा मुद्दा.

आपल्याला लहानपणापासून सांगतात, तू फक्त तुझं काम चोख कर, बाकी सगळं आपोआप मिळेल. बाळूंनी काम चोख केलं. १९०६ ला केलं, १९११ ला केलं, त्यानंतरही केलं. आपोआप काही मिळालं नाही. कामाने त्यांना टीममध्ये घेतलं. कामाने हळूहळू चहाच्या भांड्याचा प्रश्नही मागे पडला. पण कॅप्टनची जागा कामाने मिळाली नाही.

१९२० साल. स्पर्धा मुंबईत. बाळूंना टीममधून वगळलं. पै आजारी पडले म्हणून कॅप्टन नेमलं पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर मोठे बॅट्समन, त्याबद्दल वादच नाही, पुढे त्यांच्या नावाची ट्रॉफी झाली. पण टीममध्ये त्यांच्याआधीपासून खेळणारे, सिनिअर असे शिवराम आणि सगळ्यात भरवशाचे बॅट्समन असलेले धाकटे विठ्ठल होते. त्यांना डावललं.

तेव्हा या दोघा भावांनी एक गोष्ट केली. त्यांनी खेळायला नकार दिला. जाहीर निवेदन काढून सांगितलं, की आम्ही माघार घेतोय. ज्येष्ठता आणि अनुभव बाजूला सारला जातोय आणि त्याचं कारण जात आहे, हा त्यांचा आरोप होता.

विचार करा किती मोठी रिस्क आहे ही. आज कोणी खेळाडू असं बोलला तर त्याच्यामागे सोशल मीडिया असतो, वकील असतो, दुसरी लीग असते. यांच्याकडे काय होतं? करिअरची मोजकी वर्षं शिल्लक आणि एक सही केलेला कागद.

पण वेळ बरोबर होती. त्याच वर्षी असहकार आंदोलन सुरू झालं होतं आणि अस्पृश्यता संपवायची भाषा राजकारणात मोठ्याने होऊ लागली होती. बाहेर व्यासपीठावर समतेचं भाषण आणि इथे मैदानावर हे, ही विसंगती लोकांच्या डोळ्यांवर आली. लोकमत भावांच्या बाजूने झुकलं. पारशांविरुद्धच्या फायनलसाठी बाळू टीममध्ये परत आले, तेही व्हाइस कॅप्टन म्हणून. भाऊही परतले. आणि सामना चालू असताना कॅप्टन पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे त्या काळात टीम बाळूंच्या हातात आली. एवढ्या वर्षांनी, काही वेळापुरती का होईना.

मग १९२३. हिंदू संघाचे कॅप्टन विठ्ठल पालवणकर. अधिकृत, पूर्ण स्पर्धेसाठी. फायनलला युरोपियनांना हरवलं. आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवलं. त्या खांद्यांमध्ये उच्चवर्णीयांचे खांदेही होते. थोरल्या भावाला मातीच्या भांड्यात चहा देणाऱ्या समाजातले. त्यांच्या कॅप्टन्सीत हिंदूंनी १९२५ आणि १९२६ लाही स्पर्धा जिंकली. म्हणजे ‘यांना टीम सांभाळता येईल का’ या प्रश्नाचं उत्तरही मिळालं.

तर बदल कसा झाला? माझं उत्तर असं. बाळूंच्या विकेट्सनी पाया घातला. त्या नसत्या तर भावांच्या निवेदनाला कोणी विचारलं नसतं. पण नुसत्या विकेट्सवर सोडलं असतं तर विठ्ठलही कॅप्टन न होताच रिटायर झाले असते. दोन्ही लागलं. भरपूर काम आणि योग्य वेळी ‘नाही’. शिवाय आतून बोलणारा एक पै.

‘लगान’ बघितलाय ना सगळ्यांनी? त्यात कचरा नावाचा स्पिनर आहे. कचऱ्यासाठी भांडतो भुवन, कचरा स्वतः गप्प उभा असतो. खऱ्या गोष्टीत असं झालं नाही. खऱ्या गोष्टीत पालवणकर भाऊ स्वतः बोलले.

आपल्याशी याचा काय संबंध?

मला माहितीये, काही जण म्हणतील, दादा, हे झालं शंभर वर्षांपूर्वीचं. आता कोण मातीच्या भांड्यात चहा देतंय?

मी आधी ज्या एका कंपनीत काम केलं, तिथे कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांच्या आयकार्डची दोरी वेगळ्या रंगाची होती. कॅन्टीनमध्ये त्यांची वेळ वेगळी. रिलीजच्या आदल्या रात्री दोन वाजता बग शोधून देणारा टेस्टर त्या रंगाच्या दोरीवाला. सकाळी टीमचं कौतुक करणारा मेल आला की त्यात त्याचं नाव नाही. ही जातीची गोष्ट नाही आणि मी तिला बाळूंच्या अनुभवाच्या शेजारी बसवणार नाही, ते वजन वेगळं आहे. पण काम एका रांगेतून घ्यायचं आणि मान दुसऱ्या रांगेत वाटायचा, ही सवय ओळखीची वाटली.

आणि ऑफिसच कशाला? आपल्या वसईच्या गावांमध्ये बघा. पाऊस संपला, भात कापला की शेतातच मैदान तयार. टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, प्लेयरचा लिलाव, यूट्यूबवर लाइव्ह, कॉमेंट्री अशी की घरात बसलेली आजी पण ऐकते. मला हे सगळं प्रचंड आवडतं. पण एक प्रश्न विचारतो. पिचवर पाणी मारणारा, रोलर ओढणारा पोरगा कोण असतो? तो कुठल्या टीममधून खेळतो? खेळतो का? कॅप्टन ठरवताना आपण काय बघतो, खेळ की घर, गावकी, पाडा? उत्तर मी देत नाही. तुमच्या गावचं तुम्हाला माहीत.

आता बाळूंबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण ती लपवली तर त्यांच्यावरच अन्याय होईल. हिरो माणसाला आपण एका रंगात रंगवतो. बाळू पुढे राजकारणात आले. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून उभे राहिले आणि समोर उमेदवार होते स्वतः डॉ. आंबेडकर. ज्यांनी कधीकाळी त्यांचं कौतुक केलं, तेच. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. दलितांनी न्याय कसा मिळवायचा, यावर दोघांचे रस्ते वेगळे होते. दोन मोठी माणसं एका गोष्टीसाठी लढताना एकमेकांसमोर उभी राहू शकतात. ४ जुलै १९५५ ला बाळू गेले.

तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर विठ्ठल पालवणकरांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलंय, ‘माझे क्रीडा-जीवन’. आणि स्कोअरकार्ड शोधणार असाल तर एक टिप देतो. नाव टाकताना आडनावाने शोधू नका. तिथे ते पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल असे सापडतात. आडनावाचं फक्त पहिलं अक्षर उरलंय. आधी लेस्टरशायरचं कार्ड उघडा, मग सॉमरसेटचं.

आणि या रविवारी तुमच्या ग्राउंडवर मॅच असेल तर रोलर ओढणाऱ्या पोराच्या हातात एक ओव्हर बॅट देऊन बघा. कसा खेळतो ते मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. चांगल्या व्हॉइस नोट पुढच्या भागात ऐकवेन.

चला, तोपर्यंत काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!